३०० चिप्सचा पोकर सेट: माल चांगला, आतला कागद घाईचा

इंदूरच्या जेल रोडवरून अठराशे रुपयांत घेतला. अ‍ॅल्युमिनियमची पेटी, पाच रंगांच्या चिप्स, पत्त्यांचे दोन जोड आणि एक डीलर-बटण (वाटणारा कोण ते दाखवणारी चकती). खोक्यावर कंपनीचं नावच नाही, त्यामुळे इथेही नाही. आमच्याकडे पैसे लावत नाहीत. जो सगळ्यात आधी बाद होईल त्याने सगळ्यांसाठी चहा टाकायचा.

चिप्स मस्त आहेत. प्रत्येक ११.५ ग्रॅमची, प्लास्टिकच्या आत धातूची चकती, म्हणून हाताला वजन लागतं. मी बँकेत कॅश काउंटरवर बसते, चवडी लावायचा हातच बसलाय. वीसची चवडही डगमगत नाही. पत्ते मात्र टाकाऊ. एका एक्क्याचा कोपरा लगेच मुडपला आणि भाचा तो पाठीमागून ओळखायला लागला. प्लास्टिकचे पत्ते वेगळे आणा.

खरी गंमत आतल्या कागदात आहे. त्यावर टूर्नामेंट कशी खेळायची ते छापलंय: पांढरी चिप २५ ची, लाल १०० ची, हिरवी ५०० ची, प्रत्येकाला २,०००, ब्लाइंड (दर डावात दोघांनी पाळीपाळीने सक्तीने लावायच्या चिप्स, एक छोटा, एक मोठा म्हणजे ‘बिग ब्लाइंड’) २५-५० पासून सुरू आणि दर १२ मिनिटांनी दुप्पट. वाचायला सोपं वाटतं. पण आमच्याकडे एक डाव संपायला दोन-अडीच मिनिटं सहज जातात, कारण आत्याबाई दर वेळी ‘माझी पाळी का?’ विचारतात. म्हणजे १२ मिनिटांच्या एका लेव्हलमध्ये पाच-सहा डाव. आम्ही आठ जण, म्हणजे फेरी आठ डावांची; ती एकसुद्धा पुरी होत नाही तोच ब्लाइंड दुप्पट! २४ व्या मिनिटाला १००-२०० होतं, तेव्हा हात न लावलेला स्टॅक (आपल्यापुढच्या सगळ्या चिप्स) जेमतेम दहा बिग ब्लाइंडचा असतो. ३६ व्या मिनिटाला पाचचा. ४८ व्या मिनिटाला तर टेबलावरच्या सगळ्यांच्या चिप्स मिळून १६,००० च्या, म्हणजे अवघे वीस बिग ब्लाइंड. चांगल्या पत्त्यांची वाट बघत बसाल तर चहा तुम्हीच टाकाल.

स्टॅक किती फेऱ्या टिकेल ते काढायला दोन्ही ब्लाइंडच्या बेरजेने भागायचं. बॅकगॅमनचे नामवंत खेळाडू पॉल मॅग्रिएल यांच्या नावावरून याला ‘एम’ म्हणतात. १००-२०० ला २,००० असतील तर एम पावणेसातच्या आत. या कागदाप्रमाणे खेळताना तोही अर्धाच धरा, कारण फेरी पुरी व्हायच्या आत भाडं वाढलेलं असतं.

त्यात आमची मंडळी दिवाळीच्या तीन पत्तीवर वाढलेली. पत्ते टाकून देणं म्हणजे त्यांना अपमान वाटतो. ‘बघू तरी’ म्हणत पाच-पाच जण फ्लॉपपर्यंत (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांपर्यंत) येतात. इथे ब्लफ मारण्यात काही अर्थ नाही, कुणी घाबरतच नाही. पण म्हणूनच चांगल्या पत्त्यांचा मोबदलाही पूर्ण मिळतो. एक्क्यांची जोडी एकाच माणसाच्या कुठल्याही पत्त्यांसमोर साधारण ८५ टक्के वेळा जिंकते. समोर चार जण आले की तेच ५६ वर येतं. तेव्हा जोडी घेऊन गुपचूप कॉल (नुसती बरोबरी) करत बसू नका, सुरुवातीलाच मोठं रेझ करा, म्हणजे लावायची रक्कम वाढवा.

परवाचाच डाव सांगते. ब्लाइंड १००-२००. धाकटे भाऊजी, आत्याबाई, भाचा, तिघांचेही नुसते कॉल. पॉटमध्ये (मधल्या ढिगात) ९००. बटण माझ्यापुढे, हातात एक्का-गुलाम, स्टॅक २,१००. मी ऑल-इन, म्हणजे होत्या तेवढ्या सगळ्या चिप्स लावल्या. बाकीचे गेले, आत्याबाई आल्या: राणी-सत्ती, ‘दोन्ही चौकटच्या आहेत म्हणून’. माझी बाजू साठ टक्क्यांच्या वर होती. शेवटच्या पत्त्याला सत्ती आली. ‘बघ सूनबाई, सत्ती फळली की नाही!’ तेच पत्ते उद्या आले तरी मी पुन्हा ऑल-इनच करीन.

सात-आठ एकाच रंगाचे आले की भाच्याला हुरूप येतो. स्टॅक मोठा असेल तेव्हा ते ठीक. दहा ब्लाइंडवर एक्का किंवा कुठलीही जोडी त्याहून बरी, आणि ऑल-इन नाहीतर फोल्ड (पत्ते टाकून देणं), मधलं काही नाही. तीन ब्लाइंड उरेपर्यंतही थांबू नका. दुप्पट होऊन सहाच होतात, दोन फेऱ्यांत पुन्हा तिथेच.

दोष सेटचा नाही बरं का. कागदाप्रमाणे मांडलं तर निळ्या आणि काळ्या चिप्स पेटीतच पडून राहतात. निळी १,००० ची धरा आणि प्रत्येकाला चार निळ्या, एक हिरवी, तीन लाल, आठ पांढऱ्या द्या: ५,००० झाले, म्हणजे शंभर बिग ब्लाइंड. लेव्हल २० मिनिटांची ठेवा, मध्ये ७५-१५० घाला. रविवार दुपारसाठी हे उत्तम. शनिवारी रात्री आम्ही कागदच पाळतो, कारण तासाभरात निकाल लागतो आणि थंडीत सराफ्यात (रात्रीच्या खाऊबाजारात) गराडू, म्हणजे तळलेला कंद, खायला वेळेवर पोचता येतं.

पेटीची एक खिटी ढिली आहे, उचलताना खालून हात द्या.