नव्या शहरात धावपटूची जिम: मोठी साखळी की छोटी जिम?
मोठ्या साखळी जिममध्ये ट्रेडमिल भरपूर, शॉवर आणि लॉकरही असतात. पण बऱ्याच ट्रेडमिल तासाभराने आपोआप थांबतात आणि लाँग रनची लय मध्येच तुटते. पैसे भरण्याआधी हे विचाराच. वजनांवर भर देणाऱ्या छोट्या जिममध्ये ट्रेडमिल एखादीच असते, पण डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलण्याचा व्यायाम) करताना पाठ वाकली तर टोकणारा प्रशिक्षक जवळ असतो. मी छोटीच निवडेन. धावायला रस्ता आहेच. पोटऱ्या-मांड्यांना लागणारी ताकद मात्र नुसत्या धावण्याने पुरेशी येत नाही. कडक उन्हात किंवा बर्फात मात्र मोठीच बरी. तिथे वेगात धावताना ट्रेडमिलला १ टक्का चढ लावा, कारण आत समोरून हवेचा विरोध नसतो. आधी एका दिवसाचा पास घ्या, तोही तुमच्या नेहमीच्या वेळेचा.