गिटार क्लासची वर्षाची फी एकदम भरू नका, आमचे ३६,९०० रुपये गेलेत

लिहू की नको असं चार महिने चाललं होतं माझं. पण परवा इथं सोलापुरात नव्या पेठेत एक ओळखीचे भेटले, म्हणाले पोराला गिटारला घालतोय, वर्षाची फी एकदम भरली तर मोठा डिस्काउंट आहे आणि गिटार पण क्लासच देतोय. ऐकूनच पोटात गोळा आला, कारण आमच्याबरोबर अगदी हेच झालं होतं, म्हणून आता सगळं सविस्तर लिहितोय.

माझी मुलगी तेरा वर्षांची, आठवीला आहे. मी साखर पेठेत एका सुताच्या पेढीवर हिशोबाला आहे. मुलीला दोन वर्षांपासून गिटारचं वेड, मोबाईलवर व्हिडिओ बघून झाडूच्या दांड्यावर बोटं ठेवायची. गेल्या जूनमध्ये शाळेबाहेर पत्रक मिळालं, होटगी रोडला एका हॉलमध्ये मोफत डेमो. गेलो आम्ही तिघं. साठ-सत्तर पालक असतील. सर म्हणजे तिशीतला माणूस, बोलायला एकदम गोड, स्टेजवर खुर्चीत बसून एकटा वाजवत होता आणि आवाज असा की खालचा बेस वेगळा, वरची चाल वेगळी, मध्ये ठेका पण. बायको माझ्या कानात म्हणाली, एकच माणूस वाजवतोय का हे सगळं? मुलगी तर खुर्चीच्या टोकावर येऊन बसलेली. हा प्रकार खरा असतो बरं का, त्याला फिंगरस्टाईल म्हणतात, अंगठा खालच्या सुराच्या जाड तारा सांभाळतो आणि बाकीची बोटं बारीक तारांवर चाल वाजवतात, एकट्या माणसाला जमतं ते. त्या दिवशी काय झालं ते पुढं सांगतो.

डेमोनंतर टेबल लावलेलं होतं. महिन्याला दोन हजार फी, म्हणजे वर्षाचे २४,०००, पण आजच भरले तर १४,४००. गिटार क्लासमधूनच घ्यायचं, बाहेरचं चालणार नाही, कारण म्हणे सगळ्या मुलांचा आवाज सारखा पाहिजे. इम्पोर्टेड सॉलिड टॉप (म्हणजे वरची फळी अखंड लाकडाची) गिटार, १६,५००. आणि लंडनच्या बोर्डाची ग्रेड परीक्षा, नोंदणीचे ६,०००, वर्षात थेट ग्रेड तीन, वर दहावीला जादा मार्क. मी त्या मार्कांवरच विरघळलो, खरं सांगतो. ३६,९०० रुपये यूपीआयने पाठवले, ते पण क्लासच्या नावावर नाही, सरांच्या एका नातेवाइकाच्या खात्यावर, कारण क्लासचं खातं म्हणे अपडेट होतंय. पावती मिळाली ती झेरॉक्सच्या कागदावर, तिच्यावर ना पत्ता, ना जीएसटी नंबर, ना वर्षाची फी कशासाठी आणि किती तासांसाठी याचा उल्लेख.

क्लास जुळे सोलापुरात एका घराच्या वरच्या मजल्यावर. पहिले दोन आठवडे सर स्वतः आले, मग एक कॉलेजचा मुलगा यायला लागला, बावीस मुलं एका खोलीत, तो फळ्यावर कॉर्डचे (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचे तीन-चार सूर) आकडे लिहून मोबाईल घेऊन बसायचा. सातव्या आठवड्यात कुलूप. ग्रुपवर मेसेज आला की सर आजारी आहेत, मग ग्रुपवर फक्त ॲडमिनच मेसेज टाकू शकेल असं करून टाकलं, मग नंबर बंद. घरमालकाला विचारलं तर त्यांचं पण दोन महिन्यांचं भाडं थकलेलं.

पैसे गेले त्याचं दुःख आहेच. पण त्याहून जास्त लागलं ते मुलीचं. ती रोज तासभर बसायची, तार दाबली जायची नाही, आवाज फुसका यायचा, डाव्या हाताच्या बोटांना फोड येऊन फुटले तरी पट्टी लावून बसायची. आणि एक दिवस रडत म्हणाली, "पप्पा, माझ्या बोटांतच ताकद नाहीय, मला नाही जमणार." तिला वाटत होतं दोष तिचा आहे.

माझा एक मित्र म्हणाला, पैसे भरायच्या आधी मला का नाही विचारलंस बे, आणि त्यानं मला पूर्वभागातल्या एका काकांकडं नेलं. हे काका पंचवीस-तीस वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत आलेत, गणपतीत, लग्नात, नवरात्रात. त्यांनी गिटार हातात घेतलं, वाजवलंच नाही आधी. मोबाईलची टॉर्च लावून मधल्या गोल भोकाच्या कडेवर धरली आणि मुलीला म्हणाले, "बाळ, इथं बघ." सॉलिड लाकूड असेल तर वरच्या फळीवरच्या रेषा तशाच सलग कडेवरून खाली उतरतात. आमच्या गिटारच्या कडेला तीन थर दिसत होते, वर पातळ, मध्ये जाड काळपट, खाली परत पातळ. प्लायवूड. मग आतलं लेबल बघितलं, त्याच्या कोपऱ्याला नख लावलं तर खाली दुसरंच लेबल निघालं. असं गिटार बाजारात चार-साडेचार हजाराला मिळतं.

काका एक गोष्ट बोलले ती मला पटली. प्लायचं गिटार वाईट नसतं, शिकायला चालतं, उलट आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, हवा कोरडी होते, तेव्हा सॉलिड टॉपला चीर जायची भीती जास्त, प्लाय तग धरतं. गुन्हा हा की प्लाय सॉलिड म्हणून विकलं आणि चौपट पैसे घेतले.

मग त्यांनी खिशातून एक रुपयाची नाणी काढली. बाराव्या पट्टीजवळ (पट्टी म्हणजे ती धातूची आडवी फ्रेट) सगळ्यात जाड तारेखाली सरकवायला लागले. दोन नाणी एकावर एक ठेवली की साधारण तीन मिलिमीटर होतात. नीट सेट केलेल्या गिटारला तिथं तार अडीच मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे दोन नाणी अडकायला पाहिजेत. आमच्या गिटारखाली तीन नाणी आरामात गेली. तार एवढी उंच असेल तर मोठ्या माणसाची बोटं दुखतात, तेरा वर्षांच्या पोरीचं काय होणार. काकांनी वरच्या टोकाला तारा ज्यात बसतात त्या नटचे खाचे कानशीने खोल केले, खालच्या टोकाला तारा टेकतात ती सॅडल घासून कमी केली, जाड तारा काढून ११ गेजच्या, म्हणजे बारीक, घातल्या. तारांसकट ८५० रुपये घेतले. मुलीनं तिथंच बसून जी कॉर्ड धरली, सहाही तारा वाजल्या, आणि ती माझ्याकडं बघतच राहिली. दोन महिने ती उगीचच समजत होती की तिची बोटं कमजोर आहेत.

आता डेमोचं सांगतो. मुलीनं त्या दिवशी मोबाईलवर शूटिंग केलं होतं. काकांकडं शिकायला लागल्यावर दीडेक महिन्यानं तिनं ते परत बघितलं आणि मला पेढीवर फोन केला, पप्पा घरी आल्यावर दाखवते. एका जागी सर माइकचा स्टँड नीट करायला उजवा हात तारांवरून उचलतात. आवाज चालूच. बेस चालू, चाल चालू. सगळं रेकॉर्डिंग होतं, स्पीकरमधून. साठ-सत्तर माणसं समोर बसली होती आणि एकाला कळलं नाही, मला पण नाही. माझं सगळं आयुष्य सुतात गेलंय, कुणी दहा काउंटचं जाड सूत वीसचं बारीक म्हणून आणलं तर चिमटीत धरल्याबरोबर मला कळतं. गिटार मात्र मी तोपर्यंत चार फुटांवर बसून, बिनास्पीकरचं, कधी ऐकलंच नव्हतं. सोलापुरात आपल्याला हार्मोनियम, तबला, हलगी, सनई कानानं ओळखता येते कारण लहानपणापासून जवळून ऐकलीय. गिटार आपण फक्त मोबाईलवर आणि ऑर्केस्ट्राच्या गोंगाटात ऐकतो, तिथं आपल्याला कुणीही फसवू शकतो.

म्हणून कुणी मला विचारलं की सोलापुरात गिटार कुठं शिकवावं, तर मी आधी विचारतो की ऐकलंय का कुठं. हुतात्मा स्मृती मंदिरात सुगम संगीताचे कार्यक्रम होतात, साथीला बऱ्याचदा गिटार असतं, कार्यक्रम संपल्यावर स्टेजजवळ जाऊन वादकाला नमस्कार करा, दोन मिनिटं वाजवून दाखवा म्हणा, कलाकार माणूस सहसा नाही म्हणत नाही. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात पाश्चात्य वादन हा प्रकार असतो, तिथं कॉलेजची पोरं पोरी एकट्यानं वाजवतात. डिसेंबरात चर्चमध्ये कॅरोलची तयारी चालते तिथं ॲकुस्टिक, म्हणजे बिनास्पीकरचं, गिटार जवळून ऐकायला मिळतं, आम्ही गेल्या ख्रिसमसला गेलो होतो, प्रेमानं बसवून घेतलं त्यांनी. आणि महागडं गिटार घ्यायचंच असेल तर सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जा, मोठ्या दुकानात पाच गिटारं हातात घेऊन बघा, तिकीट परवडतं.

जादा मार्कांचं पण नीट समजून घ्या, कारण माझ्यासारखे पालक तिथंच अडकतात. दहावीला कलेचे जादा गुण मिळतात हे खरंय, पण ते शास्त्रीय गायन-वादन, नृत्य, चित्रकला अशा गोष्टींसाठी आणि मान्यता असलेल्या संस्थांच्या परीक्षांसाठी. कुठली परीक्षा चालते ते शाळेच्या ऑफिसात विचारलं की पाच मिनिटांत कळतं, मी विचारलं नव्हतं. गिटारवर शास्त्रीय संगीत वाजतं, नाही असं नाही, पं. ब्रिजभूषण काब्रा, पं. विश्वमोहन भट्ट यांनी ते केलं, भट्टांना १९९४ ला ग्रॅमी मिळालं. पण ते वादन गिटार आडवं ठेवून तारांवर लोखंडी सळई सरकवून होतं, आपली पोरं कॉर्ड धरून स्ट्रमिंग करतात, म्हणजे सगळ्या तारांवरून हात फिरवतात, ते वेगळं. दोन्हीला एकच नाव म्हणून एकाचे मार्क दुसऱ्याला दाखवून पैसे घेतले आमच्याकडून. लंडनच्या परीक्षा पण खऱ्या असतात, ट्रिनिटीच्या इनिशियल ते ग्रेड आठ, रॉकस्कूलच्या डेब्यू ते ग्रेड आठ आणि त्यात ॲकुस्टिक गिटारचा वेगळा अभ्यासक्रम. पण नाव खरंच नोंदवलं असेल तर त्याची पोच येते, तुमच्या मुलाच्या नावानं. पोच दाखवत नसतील तर परीक्षेच्या नावानं एक रुपया देऊ नका. आणि कॉर्ड न येणाऱ्या पोराला वर्षात ग्रेड तीन देतो म्हणणारा माणूस एक तर शिकवत नाही किंवा खोटं बोलतोय.

काका महिन्याला आठशे घेतात, महिना संपल्यावर. आठवड्यातून दोनदा, चार मुलं एका वेळी. सुरुवातीला दोन महिने स्वतःचं गिटार घेऊच नका म्हणतात, त्यांच्याकडचं जुनं वाजवा, आवड टिकली तर घ्या. खरा शिकवणारा असाच बोलतो असं आता मला वाटतं, त्याला विकायची घाई नसते.

पोलिसांत फसवणुकीचा अर्ज दिलाय, भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम लागतं यात. ग्राहक आयोगातही तक्रार केलीय. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहिती नाही म्हणून सांगतो, वकील लावलाच पाहिजे असं नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची असते. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, ते मराठीत पण बोलतात. मी यूपीआयचे स्क्रीनशॉट, ती झेरॉक्सची पावती, पत्रक, डेमोचा व्हिडिओ आणि काकांनी काढून दिलेले लेबलचे फोटो असं सगळं जोडलंय. सुनावणीची तारीख पडलीय.

त्या बॅचमध्ये बावीस मुलं होती. मला त्यातल्या सहाच पालकांचा पत्ता लागलाय, बाकीच्यांनी लाजेनं कुणाला सांगितलं नसेल, आमच्या घरी पण सासू-सासऱ्यांना अजून पूर्ण आकडा माहीत नाही. आयोगाच्या परवानगीनं सगळ्यांना मिळून एक तक्रार करता येते. तर तुमचं मूल गेल्या पावसाळ्यात जुळे सोलापुरात त्या वरच्या मजल्यावर गिटारला जात असेल तर पावती फाडू नका, आणि ते गिटार भंगारात देऊ नका, आतलं लेबल सोलू पण नका, फोटो काढून ठेवा. आणि पोराच्या हातून ते वाजत नसेल तर आधी बाराव्या पट्टीखाली नाणी सरकवून बघा.