म्युझिक हॉलची मुखपृष्ठं: सुटी घ्यावीत की बांधीव?

व्हिक्टोरियन लंडनच्या म्युझिक हॉलमधल्या, म्हणजे गाणी-नकलांच्या करमणूकगृहांतल्या, विनोदी गाण्यांच्या छापील स्वरलिपींची सचित्र मुखपृष्ठं जमवायची तर दोन वाटा आहेत. एक, सुट्या प्रती. दुसरी, त्या काळच्या घरांतून पियानोपाशी असायचे ते, अनेक स्वरलिपी एकत्र बाइंड केलेले जाडजूड खंड. मी दोन्ही घेतलेत, तेव्हा थोडं सांगतो.

रंग हाच तुमचा निकष असेल, तर खंड घ्या. ही सगळी शिळाछापाची कामं, बरीचशी रंगीत. आपल्या रविवर्मा प्रेसच्या चित्रांसारखीच, रंगागणिक वेगळी शिळा. मिटलेल्या खंडात उजेड लागत नाही, त्यामुळे या मुखपृष्ठांचा चित्रकार आल्फ्रेड कॉन्कॅनन याने रंगवलेल्या छैलछबिल्यांचे गाल अजून गुलाबी दिसतात. सुट्या प्रतींचं नशीब वेगळं. कुणी भिंतीवर लावलेली, कुणी घडीवर चिकटपट्टी मारलेली. पट्टी गळून पडते, तिचा तपकिरी डाग मात्र राहतो. किमतीतही खंड परवडतो, फक्त त्यात विनोदी गाणी कमी आणि क्वाड्रिल, पोल्का अशा नाचांच्या धुना फार, हे गृहीत धरायचं.

इथवर वाचून खंडच घ्यावासा वाटेल. मलाही वाटलं होतं. पण बाइंडरने कडा सारख्या केल्यात, हे विसरू नका. माझ्या खंडातल्या एका बाबूच्या टॉप हॅटचा माथा सपाट उडालाय, ते एक वेळ चालेल. खालची ओळ गेली, ते मात्र चालत नाही. या गाण्यांवर प्रकाशनाचं साल बहुधा छापत नसत, माल शिळा वाटू नये म्हणून. मग काळ ठरवायचा तो तळाच्या बारीक अक्षरांवरून: प्रकाशकाचा पत्ता कोणता, छापणारा कोण, कॉन्कॅननच्या जोडीला भागीदार म्हणून ‘ली’ आहे की ‘ली अँड सीबे’. तीच पट्टी कात्रीत गेली, की हातात नुसतं देखणं चित्र उरतं. गायक जॉर्ज लेबर्नचं ‘शॅम्पेन चार्ली’ १८६६ मधलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तितक्या न गाजलेल्या गाण्याचं काय करायचं? शिवाय खंड पुरता उघडत नाही, चित्राची डावी बाजू शिवणीत बुडते. स्कॅन करताना मी वैतागून जायचो.

ज्यांना सोफ्यावर बसून पानं उलटायचीत, त्यांनी खंड जरूर घ्यावा. तो आनंद वेगळाच, मीही माझा विकलेला नाही. १८९० नंतरच्या, गायकाचा फोटो चिकटवल्यासारख्या दिसणाऱ्या मुखपृष्ठांसाठी तर मी सुट्या प्रतीचे जादा पैसे देणार नाही. पण १८६०-७० च्या दशकांतली कॉन्कॅननची चित्रं हवी असतील, तर माझं मत, फिकी का असेना, सुटी प्रत.

फक्त ती खरंच सुटी आहे ना ते बघा. खंड फोडून एकेक गाणं विकणारे पुष्कळ आहेत. घडीजवळ सुईची भोकं दिसली, तर समजा की कडा आधीच छाटलेल्या आहेत. न छाटलेली प्रत साधारण ३५ बाय २५ सेंटिमीटरच्या आसपास भरते. आणि विक्रेत्याकडून तळाच्या कडेचा जवळून काढलेला फोटो मागून घ्या. चित्राचा तो आपणहून पाठवतोच.