डीएनएसकंट्रोल: सर्व्हर स्थलांतरात काही महिने वापरल्यावर

आमच्या प्रकल्पाची मुख्य साइट, माहितीपुस्तिकेची साइट आणि डाउनलोडचं पान नव्या सर्व्हरवर न्यायचं ठरलं, तेव्हापासून डोमेनच्या सगळ्या डीएनएस नोंदी (म्हणजे रेकॉर्ड: कुठलं नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं वगैरे सांगणाऱ्या ओळी) आम्ही डीएनएसकंट्रोलमध्ये ठेवतो. स्टॅक ओव्हरफ्लोमध्ये तयार झालेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली एक फाइल, ती गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात), आणि दोन मुख्य कमांड: प्रिव्ह्यू आणि बदल प्रत्यक्ष लागू करणारी पुश.

मला सगळ्यात आवडला तो प्रिव्ह्यू. कुठला रेकॉर्ड नवा, कुठला बदलणार, कुठला उडणार हे तो आधीच दाखवतो, त्यामुळे ती यादी दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेखालून घालता येते. सर्व्हरचे पत्ते आम्ही फाइलच्या सुरुवातीला एकदाच लिहिले आणि सगळ्या उपडोमेनना तेच लावले. ए (आयपीव्ही४ पत्त्याचा) आणि एएएए (आयपीव्ही६ पत्त्याचा) रेकॉर्ड शेजारी शेजारी दिसतात. एएएए विसरला, की आयपीव्ही६वरून येणारे लोक जुन्याच सर्व्हरवर जात राहतात आणि आपल्याला मात्र सगळं व्यवस्थित दिसतं. एसपीएफमध्ये, म्हणजे आपल्या डोमेनच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात हे सांगणाऱ्या नोंदीत, जुन्या सर्व्हरचा आयपी लिहिलेला असतो, तोही अशा वेळी नजरेत भरतो.

एक धोका नीट समजून घ्या. फाइलमध्ये नाही ते रेकॉर्ड हे साधन मुळात काढूनच टाकतं. म्हणून आधी गेट-झोन्स या कमांडने असलेला सगळा झोन (डोमेनच्या नोंदींचा पूर्ण संच) उतरवून घ्यावा आणि प्रिव्ह्यूमध्ये एकही बदल दिसेनासा झाला की मगच पुढे जावं. साइटच्या एचटीटीपीएस प्रमाणपत्रासाठी दुसरा प्रोग्राम टीएक्सटी (मजकुराचा) रेकॉर्ड टाकत असेल, तर त्याला इग्नोर (याला हात लावू नको, ही सूचना) लावायलाच हवं. आम्ही लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं मोफत प्रमाणपत्र डीएनएस पद्धतीने, म्हणजे असा टीएक्सटी रेकॉर्ड टाकून डोमेन आपलं असल्याचं दाखवून घेतो. डोमेन नव्या सर्व्हरकडे वळण्याआधीच ते मिळतं, हा त्यातला मोठा फायदा.

वेळेचं गणित मात्र हे साधन करत नाही, ते आपणच मांडायचं. टीटीएल (नोंद किती वेळ साठवून ठेवायची तो आकडा) ८६,४०० सेकंद असेल, तर तो ३०० करून किमान २४ तास थांबावं लागतं, कारण जुनी नोंद कुठल्या तरी रिझॉल्व्हरकडे (वाचकाच्या वतीने नावाचा पत्ता शोधणाऱ्या सर्व्हरकडे) तेवढा वेळ साठलेली असू शकते. ऐन वेळी टीटीएल कमी करून उपयोग नाही. नवं उपडोमेनही रेकॉर्ड टाकण्याआधी उघडून बघू नये. ‘असं नाव नाही’ हे उत्तरसुद्धा साठवलं जातं, आणि ते किती वेळ टिकेल हे झोनच्या एसओए रेकॉर्डवर (झोनची मूळ माहिती देणाऱ्या नोंदीवर) ठरतं.

नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी जगाला देणारा सर्व्हर) आणि साइटचा सर्व्हर एकाच वेळी बदलू नका, हे मी आग्रहाने सांगेन. डॉट कॉमच्या बाजूला नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस असतो, आणि तो आपल्याला कमी करता येत नाही. त्यात डीएनएससेक (नोंदींवर डिजिटल सही करण्याची पद्धत) चालू असेल आणि त्या सहीच्या किल्लीची ओळख सांगणारा जुना डीएस रेकॉर्ड तसाच राहिला, तर पडताळणी करणाऱ्या रिझॉल्व्हरमागच्या सगळ्यांना साइट बंद दिसते.

पीटीआर रेकॉर्ड (आयपी पत्त्यावरून नाव सांगणारा) सहसा सर्व्हर देणाऱ्या कंपनीकडे असतो, तो तिथेच बदलावा लागतो. पत्ते बदलल्यावर जुना सर्व्हर आम्ही लगेच बंद करत नाही. त्याच्या लॉगमध्ये खऱ्या वाचकांच्या विनंत्या येणं थांबलं, की आधी टीटीएल पुन्हा वाढवतो आणि मगच तो सर्व्हर सोडतो.