बॅकटेस्टसाठी गिट आणि डीव्हीसी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

निफ्टी ऑप्शन आणि शेअर्सच्या एक मिनिटाच्या जुन्या डेटावर स्ट्रॅटेजी तपासायच्या (म्हणजेच बॅकटेस्ट), कोड गिटमध्ये (कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) आणि डेटा डीव्हीसीमध्ये (मोठ्या डेटा फाइलींसाठी तेच काम करणारं साधन) ठेवायचा, ही व्यवस्था आठ महिने रोजच्या वापरात आहे. एकट्या गिटने हे काम भागत नाही. बॅकटेस्टचा आकडा कोड, डेटा आणि सेटिंग या तिन्हींतून येतो. त्यातलं एक जरी नेमकं कोणतं होतं ते कळत नसेल, तर तोच आकडा पुन्हा काढता येत नाही, आणि अशा आकड्याच्या भरवशावर पैसे लावू नयेत.

सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती एक साधी सक्ती. रन (बॅकटेस्टची एक फेरी) सुरू होण्याआधी स्क्रिप्ट गिट स्टेटस बघते आणि कमिट न केलेला, म्हणजे गिटमध्ये न नोंदवलेला, बदल दिसला की तिथेच थांबते. दोन मिनिटांच्या प्रयोगालाही कमिट करावं लागतं, त्यामुळे सुरुवातीला वैताग येतो. पण ही सक्ती नसेल तर निकालाशेजारचा हॅश (कोडची किंवा डेटाची नेमकी आवृत्ती ओळखणारा संकेतांक) खोटा ठरतो: हॅश कालच्या कोडचा, रन झाला आजचा. प्रत्येक रनची एक ओळ सीएसव्हीत (तक्त्याच्या साध्या मजकूर फाइलीत) जाते: वेळ, कमिट हॅश, डेटाचा हॅश, कॉन्फिगचं नाव, रँडम सीड (यादृच्छिक आकड्यांचा क्रम ठरवणारा आकडा), नफा, ड्रॉडाउन (शिखरापासूनची घसरण). ही सीएसव्ही मात्र गिटबाहेर ठेवा. आत ठेवली तर पहिल्याच रनने ती बदलते आणि दुसरा रन अडतो. शिवाय बाद झालेल्या रनच्या ओळीही पुसू नका. दोनशे प्रकार करून पाहिल्यावर उरलेला एक चांगला आलेख नुसत्या योगायोगानेही चांगला दिसू शकतो, आणि किती प्रकार पाहिले हे त्या ओळींवरूनच कळतं.

स्क्वॉश मर्ज, म्हणजे ब्रँचवरचे (कोडच्या वेगळ्या फांदीवरचे) सगळे कमिट एकच करून मुख्य कोडमध्ये मिसळणं, इथे घात करतो. ब्रँचवरचे वीस कमिट एकात दाबले आणि ब्रँच उडवली, की लॉगमधले जुने हॅश कुठल्याच ब्रँचवर उरत नाहीत. डिफॉल्ट सेटिंगमध्ये अशा कमिटची रेफलॉगमधली (गिटच्या अंतर्गत नोंदवहीतली) नोंद ३० दिवसांनी संपते आणि पुढच्या सफाईत कमिटही जातो. म्हणून ज्या रनवर निर्णय घ्यायचा, त्याच्या कमिटला लगेच टॅग (कायमचं नाव) लावावा.

लॉट (एका करारातली संख्या), कर आणि एक्स्पायरीचा (करार संपण्याचा) वार कोडमध्ये लिहिलेले असतील तर ते आधी बाहेर काढा. निफ्टीचा लॉट एप्रिल २०२४ मध्ये ५० वरून २५ झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून नव्या करारांना ७५. ऑप्शन विक्रीवरचा एसटीटी (शेअर बाजारातल्या व्यवहारांवरचा कर) १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रीमियमच्या ०.०६२५ टक्क्यांवरून ०.१ टक्का झाला. साप्ताहिक एक्स्पायरी सप्टेंबर २०२५ मध्ये गुरुवारवरून मंगळवारी आली. एकच आकडा सगळ्या वर्षांना लावला की जुना काळ चुकीच्या खर्चाने मोजला जातो. तारखेनुसार ओळी असलेली एक यामल (साध्या मजकुरातल्या सेटिंगची) फाइल करावी आणि ती गिटमध्ये ठेवावी.

डीव्हीसीची खरी अडचण जागेची. ते फाइल बदलली की पूर्ण फाइलची नवी प्रत साठवतं. २ जीबीच्या एकाच पार्के (तक्ते दाबून साठवणाऱ्या) फाइलला रोज दिवसभराच्या ३७५ कँडल (एकेका मिनिटाचे भाव) जोडल्या, तर महिन्याच्या वीस-बावीस सत्रांत कॅश (डीव्हीसीचा साठा) ४० जीबीच्या वर जातो. शेअरनिहाय, महिनानिहाय फाइली केल्या की फक्त चालू महिन्याच्या बदलतात. बोनस (फुकट मिळणारे शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे अनेक करणं) मात्र मागचं सगळं बदलतात: ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सचा १:१ बोनस आला, तेव्हा आधीच्या सगळ्या किमती निम्म्या कराव्या लागतात. म्हणून मूळ किमती न बदलता साठवा आणि समायोजनाचे गुणक वेगळ्या छोट्या फाइलीत ठेवा. पार्के लिहिणाऱ्या लायब्ररीची आवृत्ती बदलली तर आकडे तेच राहूनही हॅश बदलू शकतो, त्यामुळे तिची आवृत्ती लॉक फाइलीत (लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्यांच्या यादीत) पक्की हवी.

नफा अचानक वाढला की गिट बायसेक्टसारखं हत्यार नाही: ते इतिहास दर वेळी निम्मा करत दोष आणणारा कमिट शोधतं. समजा, कुणी कोड आवरताना सिग्नलच्या ओळीतलं शिफ्ट(१) (सिग्नल एक कँडल पुढे ढकलणारा भाग) काढून टाकलं. आता कँडल बंद होताना ठरणारा सिग्नल त्याच कँडलच्या सुरुवातीच्या भावाने खरेदी करतो. एरर येत नाही, आलेख मात्र सुरेख चढतो. एका महिन्याच्या ठरावीक नमुन्यावर चालणारी तपासणी लिहा: ट्रेडची यादी अपेक्षेप्रमाणे असेल तर तिने ० परत द्यावा, नसेल तर १, कोड चालतच नसेल तर १२५ (म्हणजे हा कमिट सोडून दे). मधले दोनशे कमिट आठ-एक पायऱ्यांत गाळले जातात. नमुना रेपोबाहेर (गिटच्या फोल्डरबाहेर) ठेवा. डीव्हीसीचे हुक (गिटच्या कामाबरोबर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) बसवले असतील तर प्रत्येक चेकआउटला, म्हणजे दुसऱ्या कमिटवर जाताना, डेटाही बदलतो आणि दोष कोडचा की डेटाचा ते कळत नाही.

जुपिटर नोटबुकसाठी एनबीस्ट्रिपआउट (आउटपुट काढून टाकणारं साधन) लावलं की आउटपुटची अडगळ कमिटमध्ये येत नाही. ब्रोकरची एपीआय की (प्रोग्रॅमला ऑर्डर पाठवू देणारा गुप्त संकेत) चुकून कमिट झाली तर फाइल गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) टाकून काही होत नाही, ती इतिहासात राहतेच. की लगेच रद्द करून नवी घ्यावी.

लाइव्ह मशीनवर फक्त टॅगवरूनच कोड चढवावा. ९:१५ च्या आधी प्रोग्रॅमने स्वतःचा हॅश मंजूर टॅगशी ताडून पाहावा आणि जुळला नाही तर एकही ऑर्डर पाठवू नये.