आमच्या केंद्राचा पालक ग्रुप: पाचपैकी चार स्टार, आणि एक कामून कापला तेबी सांगते

बीड जिल्ह्यात गाव आमचं, ऊसतोडीचा पट्टा. आमच्या केंद्रातल्या (केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा एक गट) जिल्हा परिषदेच्या सगळ्या शाळांचा मिळून पालकांचा एक व्हॉट्सअप ग्रुप आहे, केंद्रप्रमुख सर आणि दोन-तीन शाळांचे मास्तर-मॅडम मिळून चालवतात, एक रुपया घेत नाहीत. माझी थोरली आठवीत आणि धाकटा पाचवीत, म्हणजे शाळेचे जेवढे म्हणून फॉर्म असतात तेवढे सगळे सध्या आमच्याच घरी आलेत, त्यामुळं ह्या ग्रुपचा उपयोग किती होतो ते मला चांगलं माहिती झालंय. माझं मत सरळ आहे, ज्याचं लेकरू झेडपीच्या शाळेत आहे त्यानं आपल्या केंद्राचा असा ग्रुप शोधावा आणि नसला तर मास्तरांच्या मागं लागून करून घ्यावा.

आधी काय व्हायचं, पंचायत समितीत नोटीस लागायची, पेपरात आतल्या पानावर दोन ओळी यायच्या, तालुक्याला राहणाऱ्याला कळायचं आणि आमच्यापर्यंत यायलोस्तर तारीख गेलेली असायची. लेकरू हुशार असून काही उपयोग नाही मग.

ह्या ग्रुपवर मेसेज एका ठरलेल्या पद्धतीनं येतो. सगळ्यात वर शेवटची तारीख, ठळक अक्षरात. मग कोणत्या वर्गासाठी, पैसे लागतात का नाही, कागद कोणते, फॉर्म शाळेतच भरून देणारेत का नेट कॅफेवर जावं लागतं. त्याच्याखाली एका मॅडमचा व्हॉईस मेसेज, आपल्या बोलीत, सावकाश. सरकारी परिपत्रकाची पीडीएफ शेवटी. मला हे लई आवडलं, कारण बाकी ठिकाणी उलटं असतं, आधी बारा पानाची पीडीएफ टाकतात आणि वर लिहितात "सर्व पालकांनी नोंद घ्यावी", आता शेतातून आलेली बाई बारा पानं वाचून त्यात तारीख कुठं शोधणार.

आता नवोदयचं, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेचं सांगते, कारण ग्रुपनं सगळ्यात चांगलं काम त्यात केलंय. आपल्या जिल्ह्याचं नवोदय गढीला आहे, गेवराई तालुक्यात. सहावीला ८० पोरं घेतात, परीक्षा पाचवीत असताना द्यायची, आणि ती आयुष्यात एकदाच देता येती, परत नाही. फॉर्म फुकट आहे, राहणं-खाणं-पुस्तकं-कपडे सगळं सरकारचं. एवढं लोकांना माहिती असतं. पण मॅडमनी व्हॉईस मेसेजमधी जे सांगितलं ते आमच्या गावात कोणालाच माहिती नव्हतं. ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या पोरांना असतात, पण ग्रामीण म्हणून धरायचं तर तिसरी, चौथी, पाचवी ही तीनही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्याच शाळेत झालेली पाहिजेत. मधी एखादं वर्ष कशाला, थोडे दिवस जरी पोरगं शहरातल्या शाळेत असलं तरी ते शहरी कोट्यात जातं. आणि आमच्याकडं तर फॅशनच झालीय, तिसरीला लेकरू तालुक्याला इंग्लिश मीडियमला घालायचं, खोली करून आईनं तिथं राहायचं, आणि नवोदयच्या फॉर्मला परत गावाकडं आणायचं. हे मॅडम पाचवीच्या पालकांना नाही, दुसरीच्या पालकांना सांगायलेत, दरसाल. ह्याला म्हणतात माहिती. तारीख तर कोणीबी फॉरवर्ड करतंय.

जिल्ह्याची अट पण असती, पोरगं ज्या जिल्ह्यात पाचवी शिकतंय आणि राहतंय त्याच जिल्ह्याच्या नवोदयचा फॉर्म. मामाकडं जालन्याला शिकायला ठेवलं आणि फॉर्म गढीचा भरू म्हणलं तर होत नाही. परीक्षेचं स्वरूप पण एकदम सोपं करून टाकलं होतं, ८० प्रश्न, १०० मार्क, दोन तास, त्यातले निम्मे म्हणजे ४० प्रश्न आकृत्यांचे म्हणजे मानसिक क्षमतेचे, बाकी २० गणित, २० भाषा. आमचा धाकटा गणितात बरा आहे पण आकृत्यात अडकतो, हे वाचल्यावर कळलं की जोर कुठं द्यायचा, क्लासवाल्यांनी मात्र सगळ्या विषयाचं पॅकेज गळ्यात मारायचा प्रयत्न केलता.

थोरलीसाठी एनएमएमएस, म्हणजे केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तव्हा मला वाटलं मोबाईलचं काहीतरी असंल. आठवीतल्या लेकरांची परीक्षा असती, डिसेंबरच्या आसपास होती शक्यतो, पास होऊन निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, चार वर्षाचे ४८,०००. घरचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत पाहिजे, सातवीत ५५ टक्के पाहिजेत, अनुसूचित जाती-जमातीला ५० चालतात, आणि शाळा सरकारी किंवा अनुदानित पाहिजे. म्हणजे झेडपीच्या शाळेत शिकतो म्हणून जे आपण खाली मान घालून सांगतो ना, तीच इथं पात्रता आहे. खाजगी विनाअनुदानित शाळेतलं पोरगं ह्याला बसूच शकत नाही. ग्रुपवर हे वाक्य ठळक करून टाकलं होतं आणि ते वाचून आमच्या जाऊबाईनी पोराची टीसी काढायची थांबवली, सहावीतून सातवीत जाताना नेणार होते ते.

निवड झाली म्हणजे काम संपलं असं नाही हेबी ग्रुपनंच सांगितलं. नववीला गेल्यावर केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर नोंद करावी लागती आणि मग दरसाल रिन्युअल, ते नाही केलं तर पैसे थांबतात. हायस्कूल वेगळं, तिथले मास्तर वेगळे, त्यांच्या डोक्यात राहीलच असं नाही, म्हणून झेडपीतून गेलेल्या पोरांच्या पालकांना ग्रुपमधून काढत नाहीत, रिन्युअलचा मेसेज त्यांनाबी येतो. ही गोष्ट छोटी दिसती पण पैसा ह्याच्यावरच अडतोय. आणखी एक, मराठा-कुणबी समाजातलं लेकरू एनएमएमएस पास झालं पण मेरिटच्या कोट्यात बसलं नाही तर सारथी ह्या राज्य सरकारच्या संस्थेची वेगळी शिष्यवृत्ती आहे, महिन्याला ८०० म्हणजे वर्षाला ९,६००. निकालात नाव नाही म्हणून गप बसू नका, पास आहे का ते बघा.

एनएमएमएसहून वेगळी जी राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा, तिचा घोळ थोडक्यात. पूर्वी चौथी-सातवीला होती, मग पाचवी-आठवीला केली, आता परत चौथी-सातवीला आणलीय. ज्याच्या घरी चौथीचं लेकरू आहे त्यानं अजून एक वर्ष आहे असं समजून बसू नये. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांचा मेसेज पण येतो, खाजगी शाळेत पहिलीला मोफत प्रवेश, लॉटरी लागती, त्यात नकाशावर घराचं ठिकाण बरोबर टाका आणि एसएमएसची वाट बघत बसू नका, पोर्टलवर स्वतः जाऊन बघा, एवढं सांगतात. खेड्यात जवळ खाजगी शाळाच नसती म्हणून आमच्याकडं त्याला जास्त कोणी विचारत नाही.

मला सगळ्यात कामाचा वाटतो तो एप्रिल-मे मधला मेसेज, कागदांचा. उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा, जातीचा दाखला नसंल तर आत्ताच टाका, आधारवरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरचं नाव एक आहे का बघा. कारण जूनमधी दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात, सगळा तालुका तहसीलवर लोटतो, सर्व्हर बसतो, आणि ज्याला सातवी-आठवीच्या फॉर्मसाठी दाखला पाहिजे तो त्या गर्दीत उभा राहून मजुरी बुडवतो. आमच्या थोरलीच्या आधारवर वडलांचं नाव आणि आडनाव उलटसुलट होतं, ते मे महिन्यातच दुरुस्त करून घेतलं, फॉर्मच्या वेळी काहीच अडलं नाही. लग्नसराई असती, उन्हाचं कोणाला जावंसं वाटत नाही, पण जाऊन या.

मोठ्या लेकींसाठी पण माहिती येती आणि ह्यासाठी मी ह्या लोकांना मनापासून धन्यवाद देते, कारण झेडपीच्या मास्तराचं ते काम नाही. पोरींना शाळेत नेणाऱ्या मानव विकासच्या निळ्या गाड्यांचं टाईमटेबल बदललं की टाकतात, गाडी वेळेवर नसली की आठवीनंतर पहिली शाळा पोरीचीच सुटती हे आपल्याकडं कोणाला सांगायची गरज नाही. ओबीसी, भटक्या-विमुक्त पोरांना दहावीनंतर सायन्स घेतलं तर महाज्योती ह्या सरकारी संस्थेकडून जेईई-नीट-सीईटीची ऑनलाईन तयारी, टॅबलेट आणि इंटरनेटसकट. आणि २०२४ पासून ८ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या पोरींना इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी, ॲग्री असल्या कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, फक्त प्रवेश सरकारी कॅप राऊंडमधून म्हणजे सगळ्या कॉलेजांच्या एकत्र प्रवेश फेरीतून पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की माफी गेली. ह्या एका अटीवर किती घरांचे लाखो रुपये अवलंबून आहेत बघा. आमच्या गल्लीतल्या आत्याबाई नातीला फार्मसीला नको म्हणत होत्या, पैसे कुठून आणायचे म्हणून, तो व्हॉईस मेसेज त्यांना लावून दाखवला तव्हा गप्प बसून ऐकलं सगळं आणि परत लाव म्हणल्या.

आता एक स्टार कामून कापला.

एक तर फोन. ग्रुपमधले नव्वद टक्के नंबर बापाचे आहेत असं मला यादी बघून वाटतं, आणि फोन बापासोबत रानात नाहीतर आडतीवर असतो, रात्री येईस्तोवर मेसेज खाली गेलेला असतो. फॉर्मचे कागद कोण शोधती, फोटो कोण काढून आणती, लेकराला परीक्षेला कोण नेती, आईच ना. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात, मग त्या बायकांचे तरी नंबर ग्रुपमधी पाहिजेत. मी माझा नंबर मागून घालून घेतला, लगेच घातला, कोणी नाही म्हणलं नाही, पण मागावं कामून लागतं. प्रवेशाच्या फॉर्मवरच आईचा नंबर वेगळा लिहून घ्या.

दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. आमच्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या दसरा झाला की हलायला लागतात, मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, दिवाळीपर्यंत अर्धं गाव रिकामं होतं ते पाडव्याच्या आसपास परत येतं. आईबाप कारखान्याला गेले तरी पोरांनी गावात आजी-आजोबाकडं राहून शाळा करावी म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे, सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेच्या समितीमार्फत मिळतं. पण ग्रुपवर त्याचा मेसेज मागल्या खेपेला दिवाळीनंतर आला. तव्हा ज्यांना पाहिजे होता ती माणसं उसाच्या फडात होती, पोरं खोपीत होती. पोराला एकदा सोबत नेलं की ते मधीच परत येत नाही, तिथं धाकट्याला सांभाळायला लागतं, वाढं (उसाचे शेंडे) बांधायला लागतं, आणि तेच पोरगं पाचवीत असंल तर हिवाळ्यात होणारी नवोदयची परीक्षा पण गेली आणि आठवीत असंल तर एनएमएमएस पण गेली. म्हणजे वर सांगितलेलं सगळं ज्या लेकरांना सगळ्यात जास्त गरजेचं त्यांच्यापर्यंतच पोचत नाही. हा मेसेज पोळ्याच्या आसपास यायला पाहिजे, आणि नुसता ग्रुपवर टाकून भागणार नाही, ज्या घरची नवरा-बायकोची जोडी तोडीला जाणार आहे त्या घरी जाऊन म्हातारीला सांगायला पाहिजे की नात-नातू ठेव, जेवणाची सोय होती. मी हे सरांना बोलले, त्यांनी ऐकून घेतलं आणि वरून मंजुरी यायला उशीर होतो म्हणाले. ते खरं असंल. पण मंजुरी येवो न येवो, कोण जाणार आणि कोणाची पोरं मागं ठेवता येतात ह्याची यादी तर आधी करता येती, ती गावातल्या गावात होती.

बाकी ग्रुपची शिस्त चांगली आहे, फक्त ॲडमिन मेसेज टाकू शकतात त्यामुळं गुड मॉर्निंग आणि वाढदिवस नाहीत. फॉरवर्ड होऊन येणाऱ्या "सर्व विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप" असल्या लिंका फसव्या असतात हे पण सांगतात, तसल्या लिंकवर आधार नंबर टाकू नका, शंका आली तर मास्तरला फोन करा, ते उचलतात.

जॉईन व्हायचं असंल तर आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकाला केंद्राचा ग्रुप कोणता ते विचारा. ज्यांचं लेकरू येत्या जूनला पहिलीत जाणार आहे त्यांनी शाळेच्या "पहिलं पाऊल" मेळाव्यालाच जावं, आमच्याकडं तिथंच नंबर लिहून घेतात, आणि लिहिताना बापाचा एक आणि आईचा एक असे दोन्ही द्या, घरी एकच फोन असंल तर शेजारच्या ज्या बाईवर भरवसा आहे तिचा द्या.