हॅश जुळला, तरी विंडोज बनावट निघाली

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानातल्या हिशेबाच्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हमधून विंडोज टाकली गेली. कंपनीची मूळ फाइल म्हणून पैसे घेतले. मालकांनी शंका काढल्यावर टाकणाऱ्याने त्याच पेनड्राइव्हमधली एक नोंद उघडली आणि एसएचए-२५६ पद्धतीचा ६४ अक्षरी हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, जुळवून दाखवला. फसवलं ते इथेच. ज्याने फाइलमध्ये फेरफार केला त्यानेच तिचा हॅश काढून शेजारी ठेवला, तर तो जुळणारच. माल त्याचा, काटा त्याचा, मापंही त्याचीच! पंधरवड्यात नेटबँकिंगचा पासवर्ड बाहेर गेला.

फाइल कुठूनही आलेली असो, तिचा हॅश मूळ फाइल बनवणाऱ्या कंपनीकडूनच घ्यायचा, तोही आपल्या मोबाइलवर तिचं पान उघडून. विंडोज ११ च्या आयएसओ फाइलचे (विंडोज टाकण्यासाठीच्या पूर्ण फाइलचे) हॅश मायक्रोसॉफ्ट डाउनलोडच्या पानावर भाषेनुसार देते. इंग्रजी फाइलला दुसऱ्या भाषेचा हॅश लावला तर चांगली फाइलही खोटी ठरेल. कॉम्प्युटरवर विंडोजमधल्याच सर्टयुटिल या कमांडने हॅश काढताना शेवटी एसएचए२५६ लिहायला विसरू नका, नाहीतर ते ४० अक्षरी एसएचए-१ काढतं आणि जुळवताना गोंधळ उडतो. सुरुवातीची आणि शेवटची चार-चार अक्षरं बघून सोडू नका. तेवढीच जुळवणारी फाइल मुद्दाम बनवता येते. एमडी५ या जुन्या हॅश पद्धतीवर तर विसंबूच नका. एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या फाइली २००४ मध्येच करून दाखवल्या गेल्या आहेत.

'हॅश ओळखीच्या फाइलींच्या यादीत आहे' हे उत्तरही पुरेसं नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेच्या अशा यादीत हॅकिंगची साधनंही आहेत. ओळखीची म्हणजे निर्धोक, असं ती यादी म्हणतच नाही. उलट एक बाइट बदलला की हॅश पूर्ण नवा होतो, त्यामुळे व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या वेबसाइटवर हॅश शोधून काहीच सापडलं नाही, तरी फाइल स्वच्छ ठरत नाही. आणि 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं कोणी म्हणालं, तर काम तिथेच थांबवा.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नका, पुन्हा जोडूही नका. तसाच पोलिसांकडे द्या. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात डिजिटल पुराव्याचा हॅश लिहावा लागतो. जप्तीच्या वेळी तो नोंदवून घेतला आहे ना, हे विचारा.